तक्त्यात ओहोटी कुठे आहे?

प्रिय दोस्ता,

समुद्रकिनाऱ्याने चालत जायच्या सफरीचा तुझा आठ दिवसांचा तक्ता वाचला. रोजचे किलोमीटर, मुक्काम, सॅकचं वजन ग्रॅममध्ये, सगळं चोख. फक्त भरती-ओहोटीची वेळ त्यात एकदाही आलेली नाही. बाकी काही बोलण्याआधी तेवढं बोलून घेतो.

डोंगरात फिरलेल्या माणसाला भल्या पहाटे निघायची सवय असते. किनाऱ्याच्या वाटेवर ती सवय गुंडाळून ठेवावी लागते. कधी अंधारात निघावं लागतं, कधी दहापर्यंत तंबूत लोळत पडावं लागतं. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी 7 ला असलेली ओहोटी पाचव्या दिवशी दहा-वीसच्या सुमारास येईल. तुझ्या तक्त्यात मात्र आठही दिवस सातला कूच!

दक्षिण आफ्रिकेतला ऑटर ट्रेल बघ. 1968 पासून लोक ही पाच दिवसांची वाट चालतायत. चौथ्या दिवशी ब्लाउक्रान्स नदी तिच्या मुखाशीच ओलांडावी लागते, आणि तिथे पूल नाही. ओहोटी सकाळी लवकर असली की लोक डोक्याला टॉर्च बांधून अंधारातच निघतात. सॅक प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाण्यात उतरतात. आणि पाणी उतरू देणार नाही असं दिसलं, तर बाहेर पडायला वेगळी वाट ठरलेली आहे. तुझ्या तक्त्यात अशी वाट कुठे आहे, मला दाखव.

आता एक हिशोब. पाणी सहा तासांत चढतं, पण सारख्या वेगाने नाही. ढोबळमानाने पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे तीन मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात जेमतेम 25 सेंटिमीटर चढतात आणि तिसऱ्या तासात 75. पहिला तास माणसाला फसवतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा हा फरक आणखी मोठा.

मी फसलोय. ओहोटी होऊन दोन तास उलटले होते. समोरचं खडकाचं टोक वळसा घालून पार करायला वीस मिनिटं पुरतील असा अंदाज होता. खडकावर शेवाळ होतं, ते मी जमेला धरलंच नव्हतं. अर्ध्यात पोचलो तेव्हा पुढची घळ पाण्याने भरली होती, आणि मागे वळून पाहिलं तर मी जिथून आलो तो वाळूचा पट्टाही गेला होता. एका कपारीत, सॅक पोटाशी धरून, जवळजवळ सात तास बसलो. वर गवत किती उंचीवर सुरू होतं हे मी त्या दिवशी फार बारकाईने पाहिलं. खडकाच्या ज्या रेषेच्या खाली शिंपले चिकटलेले असतात, तिथपर्यंत पाणी नेमाने येतं. ही रेषा मला चालू लागायच्या आधीही दिसत होती, बरं का.

जंगलातल्या टप्प्यांना तू ताशी चार किलोमीटर धरलेस. एवढे होणार नाहीत. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये ताशी 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास असा नियम घातला, पण तो चांगल्या पायवाटेचा. ओली मुळं, गुडघाभर चिखल, आडवे पडलेले ओंडके असले की तासाला दीड किलोमीटरही नशीब. कॅनडातला वेस्ट कोस्ट ट्रेल 75 किलोमीटरचाच आहे, तरी बहुतेक जण त्याला सहा ते आठ दिवस देतात. तिथे बऱ्याच टप्प्यांत वाळूवरून जायचं की जंगलातून, हे तुम्ही ठरवता. म्हणजे खरं तर भरती ठरवते.

ओढ्यात उतरताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेव. पडलास तर सॅक टाकता आली पाहिजे. रात्री पाऊस झाला असेल तर ओढ्याकाठी एक काठी रोवून पाणी उतरतंय का ते बघ आणि चहा कर. तेवढा वेळ वाया गेला असं मानू नकोस.

वाळूवर चालताना पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून चाल. मात्र किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे दिवसभर एकच पाय खाली पडतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच बाजूचा घोटा बोलू लागतो. मोजे दुपारी बदल, बोटांमधली वाळू झटक. फोड यायच्या आधी, चुरचुरायला लागलं की लगेच, चिकटपट्टी लाव. बुटांबद्दल मी काही सांगत नाही, तू त्यावर माझ्यापेक्षा जास्त वाचलं आहेस.

तक्ता नव्याने कर. प्रत्येक दिवसापुढे ओहोटीची वेळ, आणि ती चुकली तर कुठे थांबणार, हे दोन रकाने घाल. दोन दिवस रिकामे ठेव. उधाणाचे दिवस लाल पेनाने लिही आणि मला पाठव. मुक्काम मग बघू.

तुझा,
कपारीत बसलेला