रोज एक खराब उत्तर

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "काका मी आळशी झालेय का", आणि त्याखाली नव्या टाइमटेबलचा फोटो, चार रंगांच्या पेनांनी केलेलं, पहाटे पाच ते रात्री अकरा. दिवाळीपासून तू मला पाठवलेलं हे चौथं टाइमटेबल. रात्री उत्तर दिलं नाही कारण राग आला होता, तुझा नाही, माझा स्वतःचा, का ते पुढे सांगतो.

आळशी तू नाहीयेस. आळशी मुलगी कॉट बेसिसवर तिघींबरोबर एका खोलीत राहून, मेसचं पातळ वरण खाऊन राज्यसेवेसाठी रोज दहा-बारा तास पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसत नाही. तू फक्त एकच काम टाळतेयस आणि बाकीची सगळी कामं त्याच्या आडोशाला बसून करतेयस. पंधरा दिवसांपूर्वी मी तुला विचारलं होतं की घड्याळ लावून, कागदावर, हाताने लिहिलेली उत्तरं किती झाली? तू म्हणालीस, "अजून सिलॅबस कव्हर झाला नाही काका, झाला की रायटिंग सुरू करते."

माझ्या पोटात गोळाच आला. कारण हेच वाक्य मी १९९८ साली बोललो होतो.

तेव्हाही राज्यसेवेची मुख्य लेखीच होती. मग २०१२ ला ती बहुपर्यायी झाली आणि आता परत वर्णनात्मक, नऊ पेपर, दोन भाषांचे नुसते पास होण्यापुरते आणि उरलेल्या सातांचे १७५० गुण, हे तुला पाठच आहे. माझा विषय इतिहास. वाचायचा कंटाळा मला कधीच नव्हता, सोळा वह्या नोट्स होत्या माझ्या, मुलं झेरॉक्स काढून न्यायची, आणि त्या दीड वर्षात मी वेळ लावून एकही उत्तर लिहिलं नाही. एकही. पेपरात पहिल्या प्रश्नाला नोट्समधलं सगळं ओतायला गेलो, मग तिसऱ्या-चौथ्यापर्यंत हात दुखायला लागला, अक्षर मोडायला लागलं, आणि घंटा झाली तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे. येत होते मला ते. त्यातल्या एकाचं उत्तर आजही तोंडपाठ आहे. माझ्या झेरॉक्स वाचलेल्यांतला एक जण पुढे नायब तहसीलदार झाला, आणि मी बरीच वर्षं लोकांना सांगत राहिलो की माझं नशीब नव्हतं. नशिबाचा काही संबंध नव्हता. मला माझं खराब उत्तर बघायची भीती वाटत होती, एवढंच होतं. वहीत नोट्स काढताना मी हुशार होतो, उत्तर लिहिलं असतं तर कळलं असतं की किती हुशार ते, आणि ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

म्हणून सांगतो, रोज एक खराब उत्तर लिही. चांगलं नको, खराब.

पुढे खूप वर्षांनी मी यावर वाचायला लागलो, का होतं असं माणसाचं. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली मांडलंय की चालढकल हा वेळेच्या नियोजनाचा प्रॉब्लेम नाहीच, तो मनाच्या अवस्थेचा आहे. कामाकडे बघितलं की जीव घाबरा होतो, काम उद्यावर टाकलं की लगेच हलकं वाटतं, आणि ते हलकं वाटणं हेच बक्षीस होऊन बसतं, मग पुढच्या वेळी मन आणखी लवकर पळतं. आता तुझ्या टाइमटेबलकडे बघ. ते करताना तुला किती बरं वाटलं असेल! दीड-दोन तास गेले असतील, उद्यापासून सगळं नीट होणार असं वाटलं असेल. तेच बक्षीस. टॉपरच्या मुलाखती बघणं, टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवणं, अप्पा बळवंत चौकात जाऊन त्याच विषयाचं तिसरं पुस्तक आणणं, ही सगळी त्याच घरातली भावंडं. अभ्यासासारखी दिसतात म्हणून जास्त धोकादायक, रील्स बघताना निदान आपल्याला कळतं तरी की आपण वेळ घालवतोय.

फाडून टाक ते टाइमटेबल. खरंच फाड.

त्याऐवजी एक ओळ लिही, "सकाळी सात वाजता, अभ्यासिकेत माझ्या टेबलावर बसले की पुस्तक उघडायच्या आधी एक उत्तर." बास. वेळ, जागा आणि कशानंतर काय, एवढंच. ही जुजबी गोष्ट वाटते, पण पीटर गॉलविट्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच्यावरच आयुष्य घातलंय. १९९७ साली छापलेला त्याचा एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना सांगितलं, ख्रिसमसच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. म्हणजे ऐन सणात काम, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी निबंध मागावा तसं. ज्यांनी आधीच कुठे आणि कधी बसून लिहिणार ते ठरवून ठेवलं होतं त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांनी वेळेत पाठवलं, बाकीच्यांतल्या ३२ टक्क्यांनीच. इच्छा दोघांचीही होती, एकांनी फक्त जागा आणि वेळ ठरवली होती. तुझ्याकडे अठरा तासांचं टाइमटेबल आहे पण हे एक वाक्य नाहीये.

पुस्तक उघडायच्या आधी, हे परत सांगतो कारण तू तिथेच घसरणार. "जरा एक धडा वाचते मग लिहिते" म्हणशील आणि दुपारचे दोन वाजतील. जे आठवतंय त्यावर लिही, अर्धवट लिही, आकडा आठवला नाही तर जागा सोड. आणि लिहून झाल्यावर जेव्हा तेच प्रकरण वाचायला घेशील ना, तेव्हा तुझे डोळे बरोबर त्या सोडलेल्या जागेवर जातील, हे मी शिकवताना शेकडो मुलांमध्ये बघितलंय. खराब उत्तर लिहिल्याशिवाय काय वाचायचंय तेच कळत नाही. तू उलटं समजून बसलीयस.

मोबाईलचं थोडक्यात. बॅगेत नाही, सायलेंटवर नाही, खोलीवर ठेवून ये. समोर असला की तो उचलायचा नाही हेही एक कामच होऊन बसतं. घरचे घाबरतील म्हणत असशील तर तुझ्या बाबांशी मी बोलतो.

ते पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टीचं तू विचारलं होतंस. पोमोडोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो, फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या मुलाने कॉलेजात असताना टोमॅटोच्या आकाराचं किचनमधलं टायमर लावून ते सुरू केलं. चांगलं आहे, बसवत नसेल तेव्हा बसायला उपयोगी. पण पेपर तीन तासांचा आहे. युपीएससीचंच उदाहरण घे, तिथे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ९, त्यात विचार पण आला, आणि मध्ये पाच मिनिटं सुट्टी कोणी देत नाही. तेव्हा पंचवीस मिनिटांची सवय लागली की तिथेच घर करू नकोस. पहिले तीन आठवडे रोज एक उत्तर, मग दोन, मग सलग एक तास, आणि पुढे रविवारी पूर्ण तीन तास, पाणी प्यायला न उठता. हाताला सवय लागते, मानेला लागते. त्याला इलाज नाही, ती लिहूनच लागते.

एखादा दिवस चुकेल. घरी लग्न असेल, पाळीत पोट दुखेल, नाहीतर उगाचच चुकेल. तेव्हा रात्री मला तो "मी आळशी झालेय का" वाला मेसेज करू नकोस. कॅनडात २०१० साली विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला हे पटायला वेळ लागला, कारण आम्ही शिव्या खाऊन मोठे झालो, आम्हाला वाटायचं स्वतःला झोडपलं की शिस्त लागते. नाही लागत गं. झोडपून घेतलेलं मन दुसऱ्या दिवशी त्या टेबलाकडे जायलाच मागत नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता बस, एक खराब उत्तर लिही, विषय संपला.

तुझी काकू म्हणते की मी हे सगळ्यांना सांगत सुटतो आणि माझं वेड लोकांच्या गळ्यात घालतो. असेल. मी २००६ पासून रोज पहाटे पावणेसहा ते साडेसहा लिहायला बसतो, आपल्या तालुक्यातले जुने शब्द, शेतीचे, विहिरीचे, मोटेचे, त्यांच्या चिठ्ठ्या करतो. धाकट्याला ताप होता तेव्हाही मी तेवढा वेळ बसलो, काकूने एकटीने त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, ते ती अजून विसरली नाहीये. मी चूक केली का? त्या दिवशी उठायला हवं होतं, हो. पण तिला एक दिसत नाही की पस्तिशीपर्यंत मी एकही गोष्ट शेवटाला नेली नव्हती. एकही नाही, घराच्या ओट्याची फरशीसुद्धा अर्धी राहिली होती. असा माणूस "आजच्या दिवस राहू दे" म्हणाला की त्याचा उद्या येत नाही, मला माझा अनुभव आहे. आज साडेनऊ हजार चिठ्ठ्या झाल्यात, त्यातल्या निम्म्या कच्च्या असतील, पण आहेत. बुटाच्या खोक्यांत आहेत, हात लावून बघता येतात. त्या सोळा वह्या मी केव्हाच रद्दीत दिल्या.

तू हे वाचून म्हणशील की काकांचं वेगळं, त्यांना आता परीक्षा नाही. बरोबर आहे. तुझ्यावर वयाचं दडपण आहे, घरात स्थळांचं बोलणं सुरू आहे, रूमचं भाडं आहे, तुझी बहीण बाबांना पैसे पाठवते ते तुझ्या मनाला लागतं. मला माहितीये. म्हणूनच म्हणतो की अठरा तासांचं ओझं नको, नऊ मिनिटं दे.

उद्या सोमवार. सात वाजता लिही, मग खोलीवर चहाला जाशील तेव्हा त्या कागदाचा फोटो पाठव. मी तपासणार नाही. पहिले तीन आठवडे एक शब्द बोलणार नाही त्यावर, चूक दिसली तरी नाही, आणि माझ्यासाठी ते अवघड आहे. नुसतं "पाहिलं" म्हणून कळवेन. दहा वाजेपर्यंत फोटो आला नाही तर मी फोन करेन, अभ्यासिकेच्या काकांच्या नंबरवर.

तुझ्या आईने शेंगाची चटणी आणि भाकऱ्या दिल्यात, सकाळच्या बार्शी-पुणे गाडीने येतायत. कंडक्टर ओळखीचा आहे, दुपारी स्वारगेटला घ्यायला जा. उत्तर लिहून झाल्यावर जा.

तुझा,
काका