पावसातल्या रेसच्या आदल्या रात्री

प्रिय पोरी,

तुझा प्रश्न एका ओळीचा होता: उद्याचा अंदाज फार वाईट आहे, धावू की नको? उत्तरही एका शब्दात देता आलं असतं. पण तेवढ्यावर तुला मुसळधार पावसात आणि थंडगार वाऱ्यात सोडायला माझं मन धजेना, म्हणून बसून लिहितोय.

विजा नसतील तर धाव. फक्त घड्याळ घरी ठेव. बाहीखाली लपवलेलं चालणार नाही, घरीच ठेव. ज्या टायमिंगसाठी तू चार महिने राबलीस ते उद्या मिळणार नाही. हे आज रात्रीच मनाशी मान्य केलंस तर पहिल्याच किलोमीटरला जीव खट्टू होणार नाही. वाऱ्याचा हिशोबच तसा आहे. तू ताशी दहा किलोमीटरने धावतेस, म्हणजे वारा पडलेला असला तरी तेवढी हवा कापतच असतेस. समोरून तितक्याच वेगाचा वारा आला की अंगावर येणारी हवा दुप्पट होते आणि तिचा रेटा चौपट. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी येईल खरा, पण जाताना गमावलेलं तो सगळं भरून देत नाही. म्हणून पेसकडे, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात त्याकडे, बघू नकोस, श्वासाकडे बघ. चार-पाच शब्दांचं वाक्य धाप न लागता बोलता येईल इतकाच जोर लाव. आणि तुझ्या चालीचं कुणी पुढे दिसलं तर त्याच्या मागे हातभर अंतरावर राहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. थोड्या वेळानं तू पुढे हो, त्याला आडोसा दे.

१६ एप्रिल २०१८ ची बोस्टन मॅरेथॉन मी अशा वेळी नेहमी आठवतो. जेमतेम तीन-चार अंश तापमान, कोसळता पाऊस, सगळा रस्ता समोरून वारा. कितीतरी नावाजलेले धावपटू मधूनच बाहेर पडले. अमेरिकेची धावपटू डेझिरी लिंडेन हिलाही सुरुवातीला इतकं जड जात होतं की ती रेस सोडायच्या बेतात होती. सोडायचीच आहे तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडू, म्हणून तिच्याच देशाच्या शलेन फ्लॅनगनला शौचालयात थांबावं लागलं तेव्हा ती तिच्यासाठी मागे रेंगाळली आणि तिला पुन्हा पुढच्या घोळक्यापर्यंत घेऊन आली. ती रेस शेवटी लिंडेनच जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. बोस्टनमध्ये महिलांच्या विजेतीला इतका वेळ त्याआधी चाळीस वर्षं लागला नव्हता. दुसरी आलेली सेरा सेलर्स पूर्णवेळ नोकरी करणारी नर्स होती आणि तिची ती आयुष्यातली दुसरीच मॅरेथॉन होती. अशा दिवशी कोण कुठवर टिकेल हे मागच्या टायमिंगवरून ठरत नाही, एवढंच तुझ्या लक्षात यावं.

आता कपडे. सुती काहीही नको, ते पाणी धरून ठेवतं आणि ओलं अंग कोरड्या अंगापेक्षा कितीतरी भराभर गार पडतं. अंगाला चिकटून बसणारा पातळ सिंथेटिक शर्ट, वरून वारा अडवणारं हलकं जॅकेट, पुढे चोच असलेली टोपी. डोळ्यांत पाणी गेलं नाही की निम्मा त्रास कमी होतो. स्टार्टपर्यंत मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडून तीच घाल. मांड्या, काखा, पायाची बोटं, जिथे जिथे घासतं तिथे पेट्रोलियम जेली सढळ हाताने लाव. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, आज रात्रीच शर्टला लावून ठेव आणि लेसची गाठ दुहेरी मार. उद्या गारठलेल्या बोटांना सेफ्टी पिन उघडता येणार नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली झाली की निसरडी होतात. डबक्यात पाय घालावा लागला तर जपून, खाली काय आहे ते दिसत नसतं.

यापुढचं मात्र नीट वाच.

एका हाफ मॅरेथॉनला असाच पाऊस होता. तेराव्या किलोमीटरपासून एक तरुण माझ्यासोबत धावत होता, छान गप्पा मारत होता. सतराव्याच्या आसपास त्याचे शब्द जड झाले, जिभेवरून घरंगळायला लागले. मग तो दाताने हातमोजा ओढायला लागला. मोजा निघेना, तरी ओढतच राहिला. मी त्याला बिब नंबर विचारला. त्याने मान खाली घालून छातीकडे पाहिलं, बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "मी ठीक आहे." तिथे मी त्याला थांबवलं. व्हॉलंटियरच्या गाडीत बसवून ओला शर्ट उतरवला, दोन जॅकेटांत गुंडाळलं. तो बरा झाला. पण शब्द जड झाल्यावरही मी त्याच्यासोबत आणखी किलोमीटरभर धावलो होतो, कारण माझी लय छान लागली होती. त्याची बोच अजून आहे.

गारठा आधी डोकं बधिर करतो, म्हणून थांबायचं की नाही हे त्या वेळी ठरवता येत नाही. ते आत्ता, कोरड्या खोलीत बसून ठरव. दर दोन किलोमीटरला अंगठा करंगळीला टेकवून बघ. टेकेना, किंवा स्वतःचा बिब नंबर उलटा म्हणता येईना, तर जो पहिला व्हॉलंटियर दिसेल त्याच्याजवळ थांब. आधी कुडकुडत असताना कुडकुडणं आपोआप थांबलं आणि तरी ऊब वाटत नसेल, तर ती सुधारणा समजू नकोस, ते जास्त वाईट लक्षण आहे. मे २०२१ मध्ये चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी रेसमध्ये हवा एकाएकी फिरली आणि २१ जण गेले. त्यांत देशातले उत्तमोत्तम धावपटू होते. एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. तुझा रस्ता तितका एकाकी नाही, मदत जवळ असेल. फक्त ती मागायला लाजू नकोस.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिर, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांब.

फिनिशनंतर पाच मिनिटांत अंग झपाट्याने गार पडतं. फोटो नंतर काढ. आधी शर्ट बिबसकट उतरव, पिना काढत बसू नकोस. कोरडे कपडे घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरूनच बॅगेत ठेव. एकदा आयोजकांनी आमच्या बॅगा उघड्यावर ठेवल्या होत्या आणि माझा टॉवेल पिळून काढावा लागला होता. बूट घरी गेल्यावर, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सुकव.

मग मला फोन कर. टायमिंग मी विचारणार नाही. बोटं किती वेळाने मोकळी झाली, ते आधी सांग.

तुझा,
काका