वाचकांचे प्रश्न: लघवी तपासून आतड्याची सूज कळते का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, आंब्याची बाग बघतो. चार महिने झाले, दिवसातनं पाच-सहा वेळा परसाकडे जावं लागतं, आव पडते, मधेच रक्त, आठ किलो वजन उतरलंय. मूळव्याध समजून औषध झालं, फरक नाही. आता कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (नळीच्या दुर्बिणीने मोठं आतडं बघायची तपासणी) सांगितलीय आणि हा घाबरून बसलाय. मुंबईच्या मामेभावाने मोबाईलवर पाठवलंय की लघवी नि रक्ताच्या मेटाबॉलिक प्रोफाइलिंगवरून आयबीडी (आतड्याला वारंवार सूज येणारा आजार) कळतो, नळी घालावीच लागत नाही. मग तीच टेस्ट करू का?

उत्तर: ताई, आधी सरळ सांगतो, कोलोनोस्कोपी टाळू नका, चार महिने रक्त आणि आठ किलो वजन म्हणजे आधीच उशीर झालाय. पण मामेभावाने पाठवलंय ते खोटं नाही, म्हणून नीट समजावतो.

आपण खातो त्यावर आतड्यातले जंतू काम करतात, त्यातनं बारीक बारीक रसायनं तयार होतात आणि ती शौचात, रक्तात, लघवीत उतरतात. एनएमआर किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री अशा मशीनवर ती शेकड्याने एकदम मोजायची, याला प्रोफाइलिंग म्हणतात. आयबीडी म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, या पेशंटांच्या शौचात ब्युटिरेट कमी सापडतं, जे मोठ्या आतड्याच्या पेशींचं रोजचं जेवणच आहे. रक्तात ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल कमी दिसतं. लघवीत हिप्प्युरेट नावाचं रसायन कमी होतं, विशेषतः क्रोन्समध्ये, हे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी २००९ साली दाखवलं. (हे हिप्प्युरेट पहिल्यांदा १८२९ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला घोड्याच्या मुतात सापडलं, नावातला हिप्पो म्हणजे ग्रीकमधला घोडा.)

आता अडचण कुठे आहे ती बघा. तुमच्या घरी रात्री बांगड्याचं तिखलं झालं असेल तर सकाळी भावाच्या लघवीत टीएमएओ नावाचं रसायन भरपूर येणार, कारण समुद्राच्या मासळीत ते मुळातच असतं. दुपारी बाजारच्या बाटलीतलं कोकम सरबत घेतलं असेल तर लेबल वाचा, बऱ्याच बाटल्यांवर प्रिझर्व्हेटिव्ह २११ लिहिलेलं असतं, म्हणजे सोडियम बेन्झोएट, आणि आपलं लिव्हर त्याचंच हिप्प्युरेट करून लघवीतनं बाहेर टाकतं. म्हणजे आजारात जे कमी व्हायला हवं तेच सरबताने वाढलं! लंडनच्या त्या अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे, त्यांचं जेवण वेगळं, त्यांचे आकडे आपल्या पेज-मासळीवाल्या माणसाला जसेच्या तसे लावून कसं चालेल. मला या शास्त्राबद्दल खरंच आशा आहे, पण आज निदान करायला ते पुरेसं नाही.

आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे, आतड्याचा टीबी. तो आणि क्रोन्स दोघेही बहुतेक लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसतात, लक्षणं सारखी, दुर्बिणीतनं जखमाही सारख्या दिसू शकतात. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि तो अंगभर पसरायला वेळ लागत नाही. म्हणून तुकडा काढून बायोप्सी आणि टीबीची तपासणी लागते, नळीची खरी गरज तिथे आहे. तोवर कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या अजिबात सुरू करू नका.

नळी न घालता करायची एक टेस्ट आज मिळते, शौचाची फीकल कॅलप्रोटेक्टिन. सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात, त्यांचं हे प्रोटीन. ५० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर गेलं तर सूज जोरात. पण ते टीबीतही वाढतं आणि डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरनेही वाढतं, म्हणून अंगदुखीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. भावाच्या बाबतीत ही टेस्ट केली तरी कोलोनोस्कोपी टळत नाही.

भीतीचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी झोपेचं इंजेक्शन देतात, पेशंटला फारसं कळत नाही. खरा त्रास आदल्या दिवसाचा, पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून दोन-दोन लिटर प्यायची आणि सारखं संडासला पळायचं. ते पिऊन अणुस्कुरा घाटातनं एसटीने जायचा विचारही करू नका, आदल्या दिवशीच कोल्हापुरात नातेवाइकांकडे किंवा लॉजवर मुक्काम करा, बरोबर कुणीतरी हवंच. ताप आला, पोट फुगलं किंवा रक्ताचे जुलाब दिवसाला सहाच्या वर गेले तर तारखेची वाट न बघता ॲडमिट करा. आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला जरूर कळवा, पुढचं जेवणखाण तो बघूनच सांगेन.