परासरणात पाण्याच्या रेणूंना कुठे जायचं हे कसं कळतं? विसरण वेगळं कसं? नववीतल्या मुलीला काय सांगू?

कळत नाही. पाण्याचा रेणू शेजाऱ्यांना धडकत वाटेल तिकडे जातो. पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, म्हणजे पटलातून, जसे रेणू आत जातात तसेच बाहेरही येतात. फक्त पटलाच्या एका बाजूला साखरेचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला साधं असेल, तर साखरेच्या पाण्यातून कमी निसटतात आणि साध्या पाण्यातून जास्त, त्या वजाबाकीला परासरण म्हणतात. मुलीच्या वहीत 'समतोल आला की पाणी थांबतं' असं असेल तर खोडा. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीत दर सेकंदाला तिच्या आकारमानाच्या सुमारे १०० पट पाणी आत जातं आणि तितकंच बाहेर येतं, तरी पेशी आहे तेवढीच राहते.

विसरणाचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय. आम्ही तासगावकडचे. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. नववीत बेदाण्याचा प्रयोग आला तेव्हा बेदाणा घरचाच नेला. रात्रभर पाण्यात ठेवला, सकाळी टम्म फुगला. वाटीभोवती मुंग्यांची रांग होती. मी पाणी चाखलं तर गोड! निरीक्षणात तसंच लिहिलं. बाईंनी लाल शाईने काट मारली: 'निवडक्षम पारपटलातून साखर बाहेर येत नाही.' म्हणजे काही रेणूंना वाट देणाऱ्या आणि काहींना अडवणाऱ्या पटलातून. वर्गात म्हणाल्या, ती सालीवरची साखर असेल, पुस्तकात आहे तेवढंच लिही.

मी घरी येऊन बेदाणे तीनदा धुतले, शेवटचं धुतलेलं पाणी चाखून सपक असल्याची खात्री केली आणि पुन्हा भिजत घातले. सकाळी पाणी परत गोड. बाईंनी वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो अर्धा गुण मला मिळाला नाही आणि तो माझा होता, हे मी आजही म्हणते.

कारण उघड आहे. वाळलेल्या बेदाण्याच्या पेशी मेलेल्या असतात, त्यांचं पटल धड राहिलेलं नसतं. पाणी आत शिरताना साखरही दाटीकडून विरळीकडे बाहेर झिरपते, आणि हेच तिचं विसरण. एकाच वाटीत दोन्ही गोष्टी चालू असतात, आणि पुस्तकात त्यातली एकच येते. मुलीला व्याख्या पाठ करायला लावण्याआधी ते पाणी चाखायला लावा. प्रयोगाच्या वहीत जिभेला कळलेलं लिहायचं नाही तर काय लिहायचं?

जिवंत पेशीत मात्र असं होत नाही, हे तिला सांगा. तिथे पटल साखर सहजासहजी सोडत नाही, आणि पाण्यासाठी अॅक्वापोरिन नावाची प्रथिनांची वेगळी दारं असतात. ती शोधणाऱ्या पीटर अॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. परासरणाच्या व्याख्येत तिने पेपरात 'निव्वळ प्रवाह', म्हणजे आत-बाहेरची तीच वजाबाकी, लिहिलं तर कुणी गुण कापू नयेत. कापलेच, तर शाळेत जाऊन भांडा. माझ्या वडिलांना सुगीत वेळ नव्हता.

चाखायचं असेल तर बेदाणा आधी नीट धुवा आणि वाटी झाकून ठेवा.