आधी त्या पोरीला विचार

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज वाचला. आठ वर्षांची दम्याची पोरगी, पंप चालू असूनही वारंवार कॅज्युअल्टीत येते. आई म्हणते, 'सगळं वेळेवर देते.' पोरगी खाली मान घालून बसलेली. आणि तू मला विचारतेस, डोस वाढवू का? नाही. आधी त्या पोरीला विचार.

'बरं वाटतं का बाळा?' असं नको. त्याला प्रत्येक लेकरू 'हो' म्हणतं, त्याला घरी जायचं असतं. मधल्या सुट्टीत लंगडी खेळतेस की बसून राहतेस? रात्री खोकून उठतेस का? आई मध्ये बोलली तर थांबव. नम्रपणे, पण थांबवच. 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी दम्याची जी प्रश्नावली आहे, तिच्यातल्या 7 पैकी पहिल्या 4 प्रश्नांची उत्तरं मुलानंच द्यायची असतात. पालकांचा नंबर नंतर.

मग पंप तिच्या हातात दे आणि म्हण, 'करून दाखव.' हलवते का, स्पेसरवर, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यावर, ओठ घट्ट मिटते का, श्वास सावकाश ओढते की घाईनं, बघ. आणि पंप कोणता घेते? रोजचा स्टिरॉइडचा पंप 'आता दम नाही ना' म्हणून बंद, नि दम लागल्यावर तेवढ्यापुरता आराम देणारा साल्बुटामॉल तेवढा चालू, असं फार घरांत असतं. इतवारीतल्या एका पोरानं मला सांगितलं होतं, 'वर्गात पंप काढला की पोट्टे हसतात, म्हणून काढतच नाही.' शेजारी बसलेल्या आईलाही ते तेव्हाच कळलं. तोवर त्याची औषधं मात्र कितीदा तरी बदलून झाली होती!

डिसेंबरात नागपूरची ओपीडी दाराबाहेर जाते, हे मला नको सांगू. पोरांशी बोलत बसते म्हणून मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली, 'काम संथ' असा शेराही बसला. तो शेरा अजून सलतो. तरी सांगते, माझंच बरोबर होतं. दिवसा पाच मिनिटं मिळालेलं पोर मध्यरात्री नेब्युलायझरसाठी धावत येत नाही.

आईवर चिडू नकोस. पंपाची सवय लागेल, अशी भीती तिला खरोखरच वाटते. सवय लागत नाही, हे तिलाही शांतपणे समजावून सांग. पण नंतर. आधी पोरगी.

पुढच्या वेळी तिची खुर्ची तुझ्यासमोर ठेव, आईची बाजूला. स्पेसर घरून आणायला सांग. तो फडक्यानं पुसायचा नाही, साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्यायचा, हेही पोरीलाच दाखव. ती काय म्हणाली ते मला त्याच संध्याकाळी कळव.

तुझी,
मॅडम