सगळीकडे ॲम्ब्युलन्सच का दिसते?

"मॅडम, हा काही इशारा आहे का हो? घराबाहेर पडलं की ॲम्ब्युलन्स, पेपर उघडला की कुणाचा तरी हार्ट ॲटॅक. आधी असं नव्हतं बघा."

माझ्याकडे आलेल्या या ताईंच्या मिस्टरांना चार महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) आता ते सकाळी फिरायलाही जातात. डॉक्टर निर्धास्त आहेत, ताई नाहीत. मनाचा त्रास घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी इशाऱ्याचा हा प्रश्न विचारतंच.

"येताना रस्त्यात काय काय दिसलं?"

दोन ॲम्ब्युलन्स, रक्ततपासणीची पाटी, मेडिकलसमोर एक ऑक्सिजन सिलिंडर. सिलिंडरचा रंग उडालाय, हेही सांगितलं.

"आणि होम मैदानावर?"

ताई गप्प. सोलापूरची गड्ड्याची यात्रा आठवड्यावर आलेली, आकाशपाळण्याचा सांगाडा उभा राहत होता, आणि त्यांची रिक्षा मैदानाला लागूनच आली होती!

ताई टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहेत. विचारलं, ढिगातला सुटलेला धागा कसा सापडतो?

"शोधत नाही मॅडम, दिसतोयच की."

मी म्हटलं, त्या रात्रीपासून तुमचं मनही चेकिंगला बसलंय, शिफ्ट काही संपत नाही. ॲम्ब्युलन्स होत्या तेवढ्याच आहेत.

१९८६ साली मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा (हे टाटा आपले नव्हेत) या मानसशास्त्रज्ञांनी हेच मोजलं. पडद्यावर क्षणभर दोन शब्द, एक धास्तीचा, एक साधा. ते गेले की त्यातल्या एकाच्या जागी ठिपका येई. दिसताच बटण दाबायचं. ठिपका धास्तीच्या शब्दाच्या जागी आला, तर चिंतेचा आजार असलेल्यांचं बटण लवकर दाबलं जाई. नजर आधीच तिथे गेलेली असे.

म्हणून 'तिकडे लक्षच देऊ नका' हा सल्ला मी देत नाही. घरचे तो फुकट देतातच, आणि तो चालत नाही. ताईंना म्हटलं, ॲम्ब्युलन्स दिसली तर दिसू दे. फक्त त्याच रस्त्यावरच्या आणखी तीन गोष्टी रात्री वहीत लिहा.

पहिल्या आठवड्यात वही जवळपास कोरी. दुसऱ्या आठवड्यात एक ओळ होती: 'पाळण्याला लाल बल्ब लावलेत, दोन बंद आहेत.'

बंद बल्ब दिसलेच! मी हसले, त्याही हसल्या.

रात्री उठून मिस्टरांचा श्वास चालू आहे का, हे हात लावून बघणं अजून सुटलेलं नाही. पाच-सहा वेळा होतं, ते दोनवर आलंय.