दिवाळीनंतर स्वयंसेवक जातात कुठे?

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मिळून हडपसरजवळच्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, तिसरी ते सातवीची पोरं येतात. जूनमध्ये व्हॉट्सअॅपवर 'वस्तीतल्या मुलांसाठी वेळ देऊ शकणाऱ्यांनी संपर्क साधावा' असा मेसेज टाकला की भरपूर जण येतात, पण गणपती झाले की गळती सुरू आणि दिवाळीनंतर परत आम्ही चौघंच. लोकांना सामाजिक कामाची आवडच उरली नाही का?

उत्तर: आवड आहे हो, नसती तर जूनमध्ये तरी कशाला आले असते! तुमचा मेसेज परत वाचा. वेळ म्हणजे किती, कुठल्या वारी, करायचं काय आणि कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. माणूस हौसेने येतो, त्याला 'जरा यांचं गणित बघा' म्हणून पोरांसमोर बसवतात, पोरं दंगा करतात, निघताना कसं वाटलं हेही कोणी विचारत नाही, मग पुढच्या आठवड्यात त्याला ऑफिसचं काम निघतं आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तोंड दाखवायला लाज वाटते.

पाणी फाउंडेशनचा वॉटर कप, म्हणजे पाणी अडवण्याच्या कामाची गावागावांमधली स्पर्धा, आठवा. 2018 साली 8 एप्रिल ते 22 मे, म्हणजे ऐन उन्हात, गावंच्या गावं कुदळ-फावडी घेऊन उतरली होती. गावातल्या काही जणांना आधी ट्रेनिंग दिलेलं, चर कुठे आणि कसे खणायचे ते ठरलेलं, झालेल्या कामाचं मोजमाप होणार हे माहीत, आणि मुख्य म्हणजे हे कधी संपणार ते पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. शेवटची तारीख दिसत असली की माणूस जीव ओतून काम करतो असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मेसेज असा टाका: 'मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी 6 ते 7:30, पाचवीच्या चार मुलांकडून मराठी वाचन करून घ्यायचं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत.' कमी लोक येतील, येऊ द्या. दिवाळीला छान चहा-फराळ करून सगळ्यांना मोकळं करा आणि पुढच्या टर्मसाठी नव्याने विचारा. जो जाईल तो चांगल्या मनाने जाईल, आणि मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर त्यालाच हक्काने फोन करता येईल.

आणि एक करा, जरा जड जाईल पण करा. तुमच्या चौघांपैकी एकाने शिकवणं पूर्ण थांबवून फक्त स्वयंसेवक सांभाळायचे. नवीन आलेल्याला पहिले दोन आठवडे जुन्या माणसाशेजारी बसवायचं, पहिल्या दिवशी रात्री फोन करायचा, कोणी सलग दोनदा आलं नाही तर 'का आला नाहीत' न म्हणता 'बरं आहे ना?' विचारायचं. गणपतीनंतर दिसणाऱ्या गळतीचं मूळ याच पहिल्या महिन्यात असतं.

जवळच्या कॉलेजात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) प्रोग्राम ऑफिसरनाही भेटा. एनएसएसमधल्या कॉलेजच्या पोरांना दोन वर्षांत समाजसेवेचे 240 तास भरायचे असतात, त्यांना नेमकं काम हवंच असतं.

मुलांचं काम आहे म्हणून हेही सांगते, कितीही ओळखीचा असला तरी प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि कुठल्याही मुलासोबत एकटा मोठा माणूस ठेवू नका. याला कोणी नाराज झालं तर होऊ दे.

प्रश्न: स्वयंसेवकांना बसभाडं द्यावं का? आमचे ट्रस्टी म्हणतात सेवा म्हटली की पैसे कसले.

उत्तर: द्या. बसभाडं म्हणजे पगार नाही. ते दिलं नाही तर खिशात पैसे असलेलेच तेवढे टिकतात आणि त्याच वस्तीतून शिकून पुढे गेलेली मुलगी, जी सगळ्यात छान शिकवेल, ती येऊच शकत नाही. महिनाअखेरीला मागायला लावू नका, त्या त्या दिवशी हातात द्या आणि वहीत सही घ्या.